'मार्तंड वर्मा'ची जप्ती: प्रकाशकाचं चुकलंच!

रिळवेडा

मल्याळममधला दुसरा कथा-मूकपट म्हणजे १९३३चा 'मार्तंड वर्मा'. दिग्दर्शक पी. व्ही. राव, निर्माते नागरकोइलचे सुंदर राज. नागरकोइल तेव्हा त्रावणकोर संस्थानात होतं. गोष्ट सी. व्ही. रामन पिळ्ळैंच्या १८९१च्या त्याच नावाच्या कादंबरीची. त्रावणकोरची गादी मुलाकडे नाही, भाच्याकडे जायची. म्हातारा राजा मरणपंथाला लागलेला, त्याचे मुलगे गादीवर हक्क सांगतायत, आठ घराण्यांचे सरदार त्यांच्या बाजूला आणि भाचा मार्तंड वर्मा जीव वाचवत पळतोय. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर ज्यांचा पिंड पोसलाय त्यांना हा मसाला लगेच ओळखीचा वाटेल.

चित्रपट त्रिवेंद्रमला पडद्यावर आला आणि कादंबरीचे हक्क असलेल्या कमलालय बुक डेपोने कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणला. प्रिंट जप्त. सुंदर राज कर्जात बुडाले. मल्याळम बोलपट यायला १९३८ उजाडलं, आणि तोही तयार झाला तमिळ मुलखातल्या सेलमला.

माझं म्हणणं सरळ आहे. हक्क प्रकाशकाचा होता, मान्य. पण उत्पन्नातला वाटा मागता आला असता. लेखक १९२२ सालीच वारला होता, म्हणजे त्याच्या मनाविरुद्ध काही झालं असंही नाही. शिवाय मूकपटाने कादंबरीतून घेऊन घेऊन घेतलं काय? शब्द तर पडद्यावर नव्हतेच. मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या चार पाट्या सोडल्या तर सगळा हातवाऱ्यांचा कारभार. एवढ्यासाठी भाषेतला दुसराच चित्रपट कपाटात बंद करायचा?

काळा कोट

'शब्द नव्हतेच' हा युक्तिवाद अमेरिकेत आधीच करून झालाय आणि सपशेल आपटलाय. कॅलेम कंपनीने १९०७ साली 'बेन हर' या तुफान खपलेल्या कादंबरीवर एका रिळाचा मूकपट काढला. परवानगी कुणाचीच नाही. तिथेही लेखक, ल्यू वॉलेस, दोन वर्षांपूर्वी वारलेला. हार्पर प्रकाशनाने दावा लावला. कंपनी म्हणाली, आम्ही फक्त चित्रं दाखवतो, एक वाक्य उचललेलं नाही. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूकाभिनयानेसुद्धा नाट्यरूपांतर होतं. कॅलेमला पंचवीस हजार डॉलर भरावे लागले.

तेव्हापासून हॉलिवूडवाले आधी हक्क विकत घ्यायचे आणि मग कॅमेरा लावायचे. १९३३ साली सुंदर राजना हे कळायला हरकत नव्हती. आणि 'चार पाट्या' काय म्हणताय? त्या पाट्यांतला काही मजकूर थेट कादंबरीतून उचललाय. पुस्तकातून वाक्यं घ्यायची आणि पुस्तक विकणाऱ्याला विचारायचं नाही, याला आमच्याकडे भाबडेपणा म्हणत नाहीत.

रंकाळ्याचा वारा

रिळवेडाराव, तुम्ही गोष्टीचा उत्तरार्ध का गाळलात? जप्त झालेली प्रिंट प्रकाशकाकडेच पडून राहिली. १९७४ साली ती तिथूनच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली. लॉ कॉलेज रोडवर. ते संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर तिथे होते, स्वतः त्रिवेंद्रमचे. आज दक्षिणेतला जवळजवळ अख्खा शिल्लक असलेला मूकपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो हाच.

आता आमच्या कोल्हापूरचं ऐका. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली हरिभाऊंच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून 'सिंहगड' काढला. रात्रीची लढाई कृत्रिम प्रकाशात चित्रित केली, त्या काळी ते नवल होतं. शेलारमामाच्या भूमिकेत शांताराम. लोकांनी थिएटरं ओसंडून वाहवली. कुणी दावा लावला नाही, कुणी जप्ती आणली नाही. प्रिंट दाखवा बघू एक! १९२५च्या 'सावकारी पाश'चीही तीच कथा. पेंटरांनी १९३६ला तो बोलपट करून पुन्हा काढला, पण पहिला गेला तो गेलाच. देशात तेराशेच्या वर मूकपट झाले. त्यातले तीसेक उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत.

मोकळे सुटलेले सगळे मेले, कोंडलेला जगला. प्रकाशकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला पाहिजे.

रिळवेडा

हा योगायोग झाला हो. प्रकाशकाने काही संवर्धन म्हणून ती रिळं ठेवली नव्हती.

कोर्टाच्या हातात चित्रपट गेला की काय होतं याचं दुसरं उदाहरण 'नोस्फेरातू'. 'ड्रॅक्युला'वरून १९२२ साली जर्मनीत परवानगीशिवाय काढला. ब्रॅम स्टोकरच्या विधवेने दावा लावला. निर्मिती संस्था तोवर दिवाळखोर, त्यामुळे बाईंना पैसे काही मिळाले नाहीत. मग १९२५ साली प्रिंटा नष्ट करायचा हुकूम झाला. आज तो आपण पाहतो कारण काही प्रिंटा आधीच परदेशात गेल्या होत्या. त्रिवेंद्रमच्या प्रकाशकाने असाच हुकूम मागितला असता तर? काळा कोटसाहेबांनी तेही योग्यच ठरवलं असतं, नाही का?

काळा कोट

कायद्याने, हो. आवडलं असतं असं नाही म्हणत.

पाटीवाचक

सासर एर्नाकुलमचं असल्यामुळे कादंबरी नवऱ्याकडून वाचून घेतली आहे, आणि चित्रपट फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिलाय. म्हणून जरा वेगळं भांडते.

सुरुवातीला त्रावणकोरच्या महाराजांच्या मिरवणुकीचा वार्तापट जोडलाय. हत्ती, पलटण, गर्दी. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला तोच भाग सगळ्यात जास्त भावला, कारण ते खरं १९३०च्या आसपासचं त्रिवेंद्रम आहे. पुढे चित्रपट म्हणजे पळापळ आणि तलवारबाजी. सी. व्हीं.ची ताकद संवादांत आहे. कुठला माणूस कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे तो बोलायला लागला की कळतं. मेला असं समजलेला अनंतपद्मनाभन वेड्या चान्नानच्या सोंगात वावरतो, तेव्हा त्याची वेडगळ बडबडच त्याची ढाल असते. पडद्यावर तो नुसता डोळे फिरवतो. आणि सुभद्रा! कादंबरीतली सगळ्यात तल्लख बाई, राजाला वाचवण्यासाठी जीव गमावते. तिची धार बोलण्यात आहे. आवाज काढून घेतलात तर उरते एक सोशिक सुंदर स्त्री.

तेव्हा चोरीचा आरोप बाजूला ठेवा. रूपांतर म्हणूनच हा चित्रपट अर्धा आहे.

रंकाळ्याचा वारा

ताई, तुम्ही तो बंद खोलीत, एसीत, चिडीचूप बसून पाहिलात. मूकपटाचं थिएटर मूक नसायचं. बाजाची पेटी-तबला, आणि पडद्याशेजारी उभा राहून पाट्या मोठ्याने वाचणारा, वर पदरचं घालणारा माणूस. आमच्याकडे लढाई आली की प्रेक्षकच ओरडायचे. त्रिवेंद्रमच्या गर्दीला कादंबरी जवळजवळ पाठ होती. सुभद्रा पडद्यावर आली की तिचं वाक्य लोकांच्या डोक्यात आपोआप वाजणार. तुमच्या डोक्यात ते नवऱ्याच्या आवाजात वाजत असेल, तो भाग वेगळा.

काळा कोट

वा! म्हणजे प्रेक्षक तिकीट काढून आले ते कादंबरीसाठी, आणि कादंबरीच्या मालकाला दमडी नाही. माझी बाजू मांडल्याबद्दल वारासाहेबांचे आभार.

पाटीवाचक

पाठ होती म्हणूनच तर म्हणते. ज्याला कादंबरी ठाऊक नाही त्याच्यासाठी चित्रपट उभाच राहत नाही. 'सिंहगड'ला ती अडचण नव्हती. तानाजी पोवाड्यातून, आजीच्या तोंडून आधीच पोचलेला. अनंतपद्मनाभन आणि सुभद्रा या सी. व्हीं.च्या पुस्तकातल्या व्यक्तिरेखा.

जुना डोअरकीपर

एक मुद्दा सगळेच विसरले. साल बघा. 'आलम आरा' १९३१, 'अयोध्येचा राजा' १९३२. पडदा बोलायला लागल्यावर दोन वर्षांनी हे लोक मूकपट घेऊन आले. दावा लागला नसता तरी वर्षभरात त्याला थिएटर मिळालं नसतं. आणि थिएटर न मिळालेल्या मूकपटाचं तेव्हा काय व्हायचं? रिळांतली चांदी काढायला भंगारात. नायट्रेटची फिल्म, झटकन पेटणारी, ठेवायलाही धोक्याची. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत नायट्रेटची किती रिळं गेली ते आठवा. तेव्हा सुंदर राजांचं नुकसान प्रकाशकाने केलं म्हणा, पण चित्रपटाचा धंदा बोलपटाने आधीच बुडवला होता.

रिळवेडा

हे मात्र पटत नाही. मोठ्या शहरांत बोलपट आला म्हणून गावोगावची थिएटरं एका रात्रीत बदलली नाहीत. आवाजाची यंत्रं महाग होती. नागरकोइल, कोल्लम, अलप्पी इथे दोनेक वर्षं तरी तो फिरला असता, कर्ज फिटलं असतं, सुंदर राजांनी पुढचा बोलपट काढला असता. सेलमला जायची वेळ आली नसती. एक प्रिंट वाचली, हे तुम्ही सगळे मोजताय. जे चित्रपट निघालेच नाहीत ते कुठल्या संग्रहालयात शोधू?

काळा कोट

सुंदर राजांनी आधी एक पत्र टाकलं असतं तर ते सगळे निघाले असते की.