दुकानात सायकल आत घेऊ द्यावी की नाही?

पेडलवाला: काल पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलो. सायकल आत घेऊ का विचारलं, तर काउंटरवरच्या काकांनी साफ नाही म्हटलं. बाहेर दुचाक्या खेटून उभ्या, सायकल बांधायला खांब नाही. माझ्या गिअरच्या सायकलला स्टँड नाही, पुढचं चाक तर खटका उघडला की हातात येतं. गेल्या वर्षी टिळक रोडवरून माझी कुलूप लावलेली सायकल गेली. केबलचंच कुलूप होतं, कापून नेली. दहा मिनिटं दाराच्या आत टेकवली तर काय बिघडतं?

लक्ष्मीरोडकर: माझं साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसतं, तिथे सायकल कुठे घेऊ? चेनचं काळं वंगण रेशमाला लागलं की साडी गेली. पावसाळ्यात चिखल वेगळाच. सायकल चोरीला जाते याचं वाईट वाटतं, पण ती सांभाळायची जबाबदारी माझ्या गाळ्यावर का?

जुना_सदाशिवकर: आमच्या वेळी अर्धं पुणं सायकलवर होतं, पण ती आत न्यायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. सायकल ठेवायचे स्टँड होते, राखणारा माणूस होता, बिल्ला मिळायचा. स्टँड गेले, जागा दुचाक्यांनी घेतली. भांडायचं तर महापालिकेशी भांडा, दुकानदाराशी नको.

कोथरूडची_मीरा: काका, महापालिकेने सायकल आराखडा 2017 मध्येच मंजूर केलाय. सगळीकडे स्टँड होईपर्यंत आम्ही सायकली गमवत राहायच्या का? किराणा, मेडिकल, बेकरी इथे मी विचारून आत नेते, बहुतेक जण हो म्हणतात. साड्यांच्या दुकानात मीही नेणार नाही.

नातू_पेठेतला: ताई, मेडिकलमध्ये तर नकोच. माझी आजी काठी घेऊन जाते. परवा दारातच कुणाची तरी सायकल होती, हँडलला अडकून ती पडता पडता वाचली.

कोथरूडची_मीरा: हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. दार अरुंद असेल तिथे नाही नेणार.

पेडलवाला: लक्ष्मीरोडकर, साडीचं पटलं. मग पायरीशेजारच्या भिंतीत एक लोखंडी कडी ठोकू द्याल? खर्च माझा, कुलूपही माझं, यू आकाराचं जाड. बाकीच्यांनाही वापरता येईल.

लक्ष्मीरोडकर: माझी हरकत नाही. पण गाळा पागडीचा आहे, भिंत मालकाची. रविवारी त्यांना विचारतो.