‘सरमिसळ’, ‘संकीर्ण’ की ‘बहुरूपी’?

चिंचपोकळी: दादरला आम्ही काही मित्र अधूनमधून जमून रेकॉर्डी ऐकतो. पुढच्या बैठकीला ऑस्ट्रेलियाचा ‘किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड’ हा बँड आहे आणि त्याच्या कारकिर्दीवर पानभर मराठी टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘जॉनर-ब्लेंडिंग सायकेडेलिक रॉक’ला मी ‘शैलीसंमिश्र’ लिहिलं. बायको म्हणाली, खताच्या गोणीवरचा शब्द वाटतो. दुसरा सुचवा.

जुना रेडिओ: सरमिसळ. नाहीतर सरळ फ्यूजन लिहा, तो शब्द आता मराठीच झालाय.

तंबोरा: फ्यूजन म्हटलं की आपल्या श्रोत्याला सतारीशेजारी ड्रमसेट दिसतो, तसलं काही यांच्यात नाही. आणि सरमिसळ ‘होते’. फायलींतल्या कागदांची होते, लग्नघरी चपलांची होते. ही मंडळी ठरवून करतात. रागांच्या जुन्या वर्गीकरणात शुद्ध, छायालग आणि संकीर्ण असे तीन वर्ग आहेत. छायालगात दुसऱ्या रागाची नुसती सावली, संकीर्णात दोन-तीन राग एकत्र नांदतात. ‘संकीर्ण’ घ्या की!

कुर्ला टर्मिनस: सरकारी कागदांत संकीर्ण म्हणजे किरकोळ. हिंदीत तर कोता, अरुंद. मुंबईतला निम्मा वाचक हिंदी कानाने वाचतो, बँडची उगाच बदनामी व्हायची. ‘धेडगुजरी’ कसा वाटतो?

तंबोरा: नको. त्यात एका जातीचं नाव हिणवण्यासाठी आलंय.

कुर्ला टर्मिनस: मान्य. मागे घेतला.

पाऊण वाजता: शब्द शोधताय, पण बँड करतो काय ते आधी बघा. २०१० साली मेलबर्नमध्ये सुरुवात, २०१२ला पहिला अल्बम ‘ट्वेल्व्ह बार ब्रूज’, सगळा गॅराज रॉकचा गोंगाट. पुढच्याच वर्षी ‘आइज लाइक द स्काय’, त्यात वेस्टर्न सिनेमासारखी गोष्ट आणि ती सांगणारा निवेदक. २०१५मध्ये ‘क्वार्टर्स’ : चार गाणी, प्रत्येक बरोबर १० मिनिटं १० सेकंदांचं, जॅझकडे झुकलेलं. त्याच वर्षी ‘पेपर माशे ड्रीम बलून’, तो अकूस्टिक. २०१६च्या ‘नॉनॅगन इन्फिनिटी’त नऊ गाणी एकमेकांत ओवलेली आणि नववं संपतं ते पुन्हा पहिल्यात, म्हणजे अल्बम थांबतच नाही. २०१७ला एका वर्षात पाच अल्बम. त्यांतला ‘पॉलिगोंडवानालँड’ फुकट दिला, वर हवं त्याने रेकॉर्ड छापून विकावी अशी मुभा. २०१९ला चक्क थ्रॅश मेटल, म्हणजे सुसाट, कर्कश रॉक, २०२१च्या ‘बटरफ्लाय ३०००’मध्ये सिंथेसायझरचं गोड पॉप.

यात मिसळणं कमी आणि वेश बदलणं जास्त. एका अल्बमपुरता एक वेश, तोही पुरता. मी ‘बहुरूपी’ म्हणेन.

जुना रेडिओ: बहुरूपी झकास! पण त्याची खाकी खोटी असते हो. यांचं थ्रॅश खोटं आहे का?

पाऊण वाजता: नाही. पण चांगल्या बहुरूप्याने दारात येऊन दरडावलं की क्षणभर आपणही चपापतोच ना? आपल्याकडचे नंदू भेंडे घ्या. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या रॉक बँडमध्ये गायले, अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास झाले आणि पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश. त्यातलं खोटं कुठलं?

तंबोरा: एवढं पटलं. तरी दोन अल्बमांना बहुरूपी पुरत नाही. ‘फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना’साठी बँडचा गायक-गिटारवादक स्टू मॅकेन्झीने गिटारीवर जादा पडदे बसवून घेतले, म्हणजे सप्तकाचे १२ऐवजी २४ भाग. तुर्की बाजाचे स्वर आणि रॉकचा ठेका एकाच गाण्यात, हे खरं मिश्रण. चिंचपोकळी, तिथे ‘श्रुती’ मात्र लिहू नका. आपल्या श्रुती २२ आणि त्या सारख्या अंतराच्या नाहीत. ‘पाव स्वर’ म्हणावं तर मुंबईत तो मिसळीसोबत येईल असं वाटतं. ‘अर्ध्या स्वराचा अर्धा’ असं फोडून लिहा.

दुसरा २०२२चा ‘आइस, डेथ, प्लॅनेट्स, लंग्ज, मश्रूम्स अँड लाव्हा’. इंग्रजी नावातली आद्याक्षरं म्हणजे आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन. सात गाणी, एकेक मोड, म्हणजे आपल्या थाटासारखा स्वरांचा साचा. स्वरांपुरतं पाहिलं तर पहिले सहा आपले बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज आणि आसावरी थाट. सातव्यात शुद्ध पंचमच नाही, म्हणून त्याला भातखंड्यांच्या दहा थाटांत जागा नाही. हे टिपणात घालाच, दादरचे श्रोते खूश होतील.

कुर्ला टर्मिनस: आणि सायकेडेलिकचं काय? ‘भ्रामक’? ‘चित्तविस्फारक’?

जुना रेडिओ: चित्तविस्फारक म्हटल्यावर कोणी बैठकीला फिरकणार नाही. आहे तसाच ठेवा.

चिंचपोकळी: सुरुवात अशी केलीय : ‘मेलबर्नचा हा सायकेडेलिक रॉक बँड बहुरूपी आहे. दर अल्बमला तो नवा बाज धरतो, आणि कधी दोन बाज एकाच गाण्यात मिसळतो.’ शैली, जॉनर दोन्ही काढले.

तंबोरा: ‘बाज’ उत्तम. ‘मिसळतो’च्या जागी ‘कालवतो’ करा, त्यात हात दिसतो.

जुना रेडिओ: कालवतो नको. ‘मिसळतो’च राहू दे.