"अपेक्षा जुळत नसतील तर गट मोडा": हा सल्ला देणं आता थांबवा

नकाशेवाली

परवा इथे डी अँड डीबद्दल (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र निभावत खेळायचा गोष्टीचा खेळ) एकांनी लिहिलं होतं: "पाच खेळाडूंना पाच गोष्टी हव्या असतील तर गट मोडा. लढाई आणि नाटक एका टेबलावर नांदत नाहीत." खाली +१ ची रांग लागली. मला ते वाचून राग आला, कारण ह्याच सल्ल्यावर विसंबून मी एक चांगला गट घालवला आहे.

चौदा महिने चाललेली कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन्समध्ये (बैठकांमध्ये) पुढे जाणारी एकच गोष्ट; मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी. एकाला आकडे जुळवून कॅरेक्टर धारदार करायचं असायचं, दोघींना दरबारातली कारस्थानं हवी असायची. एका सेशनला साडेतीन तास दरबारच चालला, एकही फासा पडला नाही. निघताना आकडेवाला म्हणाला, "मी आज कशाला आलो होतो?" मी म्हटलं, तुला हवा तसा खेळ दुसरीकडे मिळेल. तो गेला. दोन महिन्यांत गट संपला.

का संपला ते फार नंतर कळलं. त्याचा फायटर (लढवय्या पात्र) मागे उभा असायचा, म्हणून त्या दोघी सरदाराला तोंडावर खोटारडा म्हणायच्या. तो गेल्यावर त्यांची कॅरेक्टर्स जपून बोलायला लागली आणि दरबारातली जानच गेली. त्यांना हवं असलेलं नाटक त्याच्या आकड्यांवर उभं होतं, आणि हे आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं.

ह्या खेळांवर लिहिणाऱ्या ग्लेन ब्लॅको यांनी १९८० मध्ये खेळण्याचे चार कल मांडले: पॉवर गेमिंग (पात्र बलवान करणं), रोलप्लेइंग (पात्राची भूमिका जगणं), वॉरगेमिंग (लढाईचे डावपेच), कथाकथन. तेव्हापासून आपण माणसांवर चिठ्ठ्या चिकटवतोय. सेशन झिरोला (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) "तुला काय आवडतं?" विचारलं की सगळे "काहीही चालेल" म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. खेळल्याशिवाय त्यांनाही ठाऊक नसतं. मी आता दर तिसऱ्या सेशननंतर प्रत्येकाला वेगळं गाठून एकच विचारते: कुठला प्रसंग दुसऱ्या दिवशीही डोक्यात होता? त्यातून जे कळतं ते कुठल्याही प्रश्नावलीतून कळलेलं नाही.

जुना_मांत्रिक

पूर्ण असहमत. तीन तासांच्या सेशनसाठी मी चार-पाच तास तयारी करतो. खेळाडू स्वतःचा स्पेल (मंत्र) वाचून येत नाहीत, आणि आता दर तिसऱ्या सेशनला त्यांची विचारपूसही मीच करायची? अपेक्षा सगळ्या त्यांच्या. डीएमला काय हवंय हे मला आजवर एकाही खेळाडूने विचारलेलं नाही.

दुसरं, नियम ज्याचं बक्षीस देतात तेच टेबलावर घडतं. १९७४ च्या मूळ डी अँड डीमध्ये खजिन्यातल्या सोन्यावर एक्सपी (पात्राची लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळायचा, म्हणून राक्षसाला चुकवून सोनं पळवणं हाच शहाणपणा होता. बक्षीस बदललं की खेळ बदलतो. साडेतीन तास दरबारच करायचा असेल तर त्यासाठी घडवलेले खेळ आहेत, ते घ्या.

आणि सगळ्यांना खूश ठेवू बघणारे डीएमच शेवटी स्क्रीनमागे (फासे दिसू नयेत म्हणून लावलेल्या आडोशामागे) फासे बदलतात, म्हणजे पडलेला आकडा खोटा सांगतात. ही ह्या छंदाला लागलेली कीड आहे.

चिलखतराव

अपेक्षांच्या आधी हजेरीचं बोला. आमच्यातला एक जण दर वेळी सेशनच्या दिवशी दुपारी कळवतो की जमणार नाही, आणि लेव्हल मात्र सगळ्यांबरोबर वाढायला हवी असते. माझ्या लेखी एकच अपेक्षा आहे: या.

वीसबाजू

@जुना_मांत्रिक, मी फासे बदलतो. लिहून ठेवा.

नवी खेळाडू, आयुष्यातलं पहिलं सेशन, पहिल्या लेव्हलची विझर्ड (जादूगार), आठ हिट पॉइंट (अंगातला जीव). ओगरने (धिप्पाड राक्षसाने) गदा घातली आणि नॅचरल ट्वेंटी, म्हणजे वीसबाजू फाशावर वीस: क्रिट, फटक्याचे फासे दुप्पट. पाचव्या आवृत्तीत ओगरचा फटका २डी८+४ (दोन आठबाजू फासे अधिक चार), क्रिट म्हणजे ४डी८+४, सरासरी बावीस. आठवालीला सोळा लागले की ती जागच्या जागी मेली, डेथ सेव्ह (जीव वाचवायला टाकायचा फासा) नाही. माझे तेवीस आले. तिने कॅरेक्टरचं चित्र काढून आणलं होतं, दोन पानं पूर्वकथा लिहिली होती. मी "बारा" म्हणालो. ती बेशुद्ध पडली, क्लेरिकने (बरं करणाऱ्या पुजारी पात्राने) उठवली. दोन वर्षं झाली, ती अजून खेळतेय. तुम्ही काय केलं असतं?

जुना_मांत्रिक

पहिल्या लेव्हलच्या गटासमोर ओगर आणलाच नसता. चूक तुमच्या तयारीची, आणि भरपाई खोटं बोलून. फासा मानायचाच नसेल तर तो टाकता कशाला?

माझा पॅलाडिन (धर्मयोद्धा पात्र) आठ महिन्यांच्या कॅम्पेनच्या शेवटच्या लढाईत मेला. बाकीचे निसटावेत म्हणून तो पुलावर एकटा थांबला. घरी जाऊन मी रडलो होतो. वर्षभराने डीएमने कौतुकाने सांगितलं की लढाई रंगावी म्हणून त्याने खलनायकाचे हिट पॉइंट दोनदा वाढवले होते. म्हणजे आम्ही आधीच जिंकलो होतो. माझं ते मरण त्याने माझ्याकडून काढून घेतलं. तेव्हापासून मी फासे सगळ्यांसमोर टाकतो.

वीसबाजू

तुमच्या पॅलाडिनचं वाईट वाटतं, मनापासून. पण तुम्हाला न विचारता तो मारला गेला ह्याचा राग, एका नवख्या मुलीला वाचवणाऱ्यावर काढताय. कीड म्हणे! चार जणांना ह्या खेळात आणलंय मी. तुमच्या उघड्या फाशांनी किती जण पहिल्याच सेशननंतर परत आले नाहीत, तेही सांगा.

शांत_बार्ड

तुम्ही दोघं दमलात की माझंही ऐका. प्रत्येक टेबलावर एक जण नुसता सोबतीला आलेला असतो, तो मी. चांगले डीएम कळवळ्याने "आणि तुझा बार्ड काय करतोय?" विचारतात, सगळ्यांच्या नजरा वळतात आणि माझी संध्याकाळ तिथे बिघडते. मला ऐकायला आवडतं. माझी अपेक्षा तेवढीच आहे. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड (नकोसा प्रसंग थांबवायचं कार्ड) उचललं की कारण द्यावं लागत नाही. गप्प बसण्याचंही कारण कुणी मागू नये.

नकाशेवाली, तुमची वेगळं गाठून विचारायची पद्धत मला चालेल. टेबलावर सगळ्यांसमोर नको.

नकाशेवाली

बार्ड, हे कळवळ्याने विचारणं मीसुद्धा केलंय. यापुढे नाही करणार.

मांत्रिक, डीएमला कुणी विचारत नाही हे तुमचं खरं आहे, मी ते लिहायला हवं होतं. पण फाशांवरून तुम्ही दोघं जे भांडताय तो माझाच मुद्दा आहे. पॅलाडिनवाल्याला कुणी विचारलं नाही आणि विझर्डवालीलाही नाही. दोन्हीकडे डीएमने परस्पर ठरवलं की ह्याला काय आवडेल. @वीसबाजू, तिला माहीत आहे का?

वीसबाजू

नव्हतं. काल सेशननंतर सांगितलं. आधी ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मी दोन वर्षं सगळ्यांना सांगतेय की ओगरच्या गदेतून वाचले." थोड्या वेळाने म्हणाली की त्या दिवशी मेली असती तर बहुतेक परत आली नसती, हेही खरं. पण यापुढे नको.

पुढच्या सेशनपासून स्क्रीन काढतोय. तिच्या पहिल्या सेशनला मात्र तेच केलं असतं, ह्यावर मी ठाम आहे.

जुना_मांत्रिक

कीड हा शब्द मागे घेतो. गट मोडण्याबद्दलचं मत कायम.