२५ मीटरचं टायमिंग आणि ५० मीटरचं टायमिंग

वर एका ताईंनी लिहिलंय की मुलगी पोहण्याच्या क्लबात १०० मीटर फ्रीस्टाइल झकास मारते, पण राज्य स्पर्धेत दोन सेकंद मागे पडली, म्हणून कोच बदलावा का? ताई, आधी टँकची लांबी विचारा. क्लबचा टँक २५ मीटरचा असेल आणि स्पर्धा ५० च्या टँकमध्ये झाली असेल, तर या दोन वेळांची तुलनाच होत नाही. २५ मध्ये शंभर मीटरला तीन टर्न मिळतात, ५० मध्ये एकच. प्रत्येक टर्नला भिंतीला लाथ मारून जो वेग मिळतो, तो नुसत्या हातापायांनी मिळत नाही. शिवाय टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखालून जाता येतं. म्हणजे चांगला टर्न मारणारं पोर छोट्या टँकमध्ये असतं त्यापेक्षा वेगवान भासतं. आमच्या वेळी मीही असाच हवेत होतो!

त्यामुळे कोचला लगेच दोष देऊ नका. स्पर्धेच्या आधी काही आठवडे तरी मोठ्या टँकवर सराव मिळतोय का, ते बघा. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेतलं, खजान सिंगच्या १९८६ च्या रौप्यानंतर २४ वर्षांनी भारताला एशियाडमध्ये आलेलं जलतरणातलं पदक. ती शर्यत तर मोठ्या टँकमध्ये एकाच लांबीची, टर्नचा आधार शून्य.

मुलीचे ५० मीटरच्या टँकमधले स्प्लिट्स (शर्यतीतल्या टप्प्याटप्प्याच्या वेळा) असतील तर इथे टाका.