‘विधवेची दमडी’ कधी म्हणावं? आणि ‘टोली’ म्हणजे काय?

शेवंती
परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका गृहस्थांनी लिफ्टच्या कामाला पाच हजारांचा चेक दिला आणि वर म्हणाले, “आमची आपली विधवेची दमडी.” दारात दोन गाड्या आहेत, तिसरीला पार्किंग मागतायत. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती. हा शब्दप्रयोग लहानपणापासून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकलेला, म्हणून कानाला खटकला. गोष्ट बायबलातली: मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते, एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या, आणि येशू म्हणाला, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. ‘खारीचा वाटा’ म्हणाले असते तर काही वाटलं नसतं. पण का खटकला ते मलाच धड सांगता येईना. शिवाय तिथे ‘दोन टोल्या म्हणजे एक दमडी’ असं आहे. ती टोली कसली?

मोडीवाला
मूळ ग्रीकमध्ये ‘लेप्टॉन’ आहे, तेव्हाचं तिथलं सगळ्यात हलकं तांब्याचं नाणं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात लगेच खुलासा येतो की असे दोन म्हणजे एक ‘क्वाद्रान्स’. हे रोमी नाणं. वाचकाला कळावं म्हणून मार्कनेच हिशेब फोडून दिला आहे. लूकच्या २१व्या अध्यायात हीच गोष्ट आहे, पण तिथे नुसत्या दोन टोल्या, दमडी नाहीच. मराठी भाषांतरकारांनी लेप्टॉनला टोली आणि क्वाद्रान्सला दमडी केलं.
किंमत काढायची तर एका दिनाराचे ६४ क्वाद्रान्स, आणि दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. आजची मजुरी पाचशे धरा. बाईने टाकले आठ रुपयांच्या आत. टपरीवरचा चहा येत नाही.
गंमत दमडीची आहे. दमडी म्हणजे छोटा दाम. दाम आला प्राकृत ‘दम्म’वरून, तो संस्कृत ‘द्रम्म’वरून, आणि द्रम्म हा ग्रीक ‘द्राख्मे’. म्हणजे ग्रीक पुस्तकातल्या रोमी नाण्याला मराठीत जो शब्द मिळाला तो मुळात ग्रीकच!

उंबरठा
एरवी आपल्याकडे दमडी येते ती कंजूषाच्या तोंडी नाहीतर त्याच्यावर बोलताना. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. दमडीची अक्कल नाही. हा एकच प्रयोग असा की त्यात दमडीला मान आहे.
शेवंतीताई, तुम्हाला का खटकलं ते मला वाटतं असं आहे. खारीच्या वाट्यात आपण मोजतो ते काम केवढं आणि आपला हात केवढा. सेतू मोठा, खार लहान. खारीच्या घरी काय शिल्लक होतं हे कुणी विचारत नाही. ‘फूल ना फुलाची पाकळी’ तर निव्वळ शिष्टाचार, आहेराच्या पाकिटाबरोबर बोलायचा. सुदाम्याचे पोहे थोडे जवळ येतात, पण तिथे सगळी गोडी घेणाऱ्याच्या प्रेमात आहे, आणि सुदामा ती पुरचुंडी लपवतोय. विधवेच्या दमडीत मोजायचं ते दिल्यावर मागे काय उरलं. पाच हजारांच्या मागे तिसरी गाडी उरत असेल तर ती पाकळी झाली फार तर.

शेवंती
हो, हेच! बायबलाच्या त्या ओवीत, म्हणजे वचनात, शब्दच तसा आहे: बाकीच्यांनी ‘समृद्धीतून’ टाकलं, हिने ‘कमताईतून’. कमताई हा शब्द मी बायबलाबाहेर फारसा ऐकला नाही, पण आजीच्या बोलण्यात होता. “यंदा जरा कमताई हाय” म्हणायची. गरिबी म्हणायची नाही कधी. गरिबी म्हणजे कायमची, कमताई म्हणजे आत्ता डब्यात तळ दिसतोय.
रविवारी ती घरातूनच नाणं पदराच्या टोकाला गाठ मारून न्यायची. अर्पणाची थैली आपल्या बाकापाशी येईपर्यंत गाठ सोडायची नाही, आणि थैली आली की गाठ सुटायचीच नाही. मग दातांनी. थैलीवाले काका थांबून राहायचे, मागचे बघत. ‘उजव्या हाताचं डाव्याला कळू नये’ वगैरे ठीक, आजीचं सगळ्या देवळाला कळायचं.
कापणीच्या सणाला नाणंही नसायचं, एक अंडं न्यायची. उपासनेनंतर लिलाव. ते अंडं कुणीतरी घ्यायचा आणि परत टेबलावर ठेवायचा, की पुन्हा बोली. एका अंड्याचे तीनशे झालेले मी पाहिलेत.

कंदील
अंड्यावरून आठवलं. मिझोरामच्या चर्चमध्ये ‘बुहफाई थाम’ म्हणून प्रथा आहे, १९१०पासूनची. शब्दशः मूठभर तांदूळ. बाई भात शिजवायला घेते तेव्हा आधी एक मूठ वेगळ्या भांड्यात काढते. चर्चच्या बायका घरोघरी फिरून ते गोळा करतात, विकतात आणि पैसा मिशनच्या कामाला जातो. यात दान वेगळं काढायला काही लागतच नाही. जे शिजणार त्यातलीच मूठ, रोज.
आणि मराठीला हा शब्द नवा नाही: मुष्टिफंड. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ची, नावच त्यावरून. गृहिणींनी बाजूला काढलेल्या मुठीतून शाळा. तिकडे ख्रिस्ती, इकडे हिंदू, दोन वर्षांचं अंतर, एकमेकांचा पत्ता नाही, आणि मूठ तीच.

पायरीवरचा
एक तिरपा मुद्दा. मार्कच्या त्याच अध्यायात दोनच ओव्या आधी येशू शास्त्र्यांना, म्हणजे यहुदी धर्मपंडितांना, ‘विधवांची घरे गिळणारे’ म्हणतो आणि लगेच ही विधवा येते. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की ही शाबासकी नाहीच, हळहळ आहे. तिची ‘सर्व उपजीविका’ जिथे गेली त्या मंदिराबद्दल पुढच्याच अध्यायात तो म्हणतो की दगडावर दगड राहणार नाही. आणि नीट वाचा, ‘तुम्हीही असंच करा’ असं तो कुठेच म्हणत नाही. वर्गणी मागताना ही गोष्ट सांगणाऱ्यांनी जरा जपून सांगावी.

उंबरठा
पटलं अर्ध. हळहळ असली तरी ‘सगळ्यांपेक्षा जास्त टाकले’ हा हिशेब त्याचाच आहे, तो खोडता येत नाही. पण एक नक्की, हा शब्दप्रयोग स्वतःबद्दल वापरायचाच नाही. त्या बाईला आपण दमडी दिली हे कुणी बघितलं याचाही पत्ता नव्हता. दुसऱ्याने म्हणावं.

शेवंती
मग आमच्या गृहस्थांनी काय म्हणायला हवं होतं?

मोडीवाला
“चेक घ्या.”