अनुभव धागा: वेग घेताना गाडी थरथरते तेव्हा

मुंबईच्या वाहतुकीत गाडीला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, त्यामुळे चाकातला किंवा ड्राइव्ह शाफ्टमधला (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्यातला) दोष लपून राहतो आणि अटल सेतूवर किंवा पुण्याच्या द्रुतगती मार्गावर, जिथे कारला ताशी 100 किलोमीटरची मुभा आहे, तिथेच उघड होतो. आपल्या गाडीतील थरथरीचे कारण कसे सापडले, ते कृपया लिहावे. ती कोणत्या वेगाला सुरू झाली, स्टिअरिंगमध्ये जाणवली की सीटखाली, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर काय झाले, हे अवश्य नोंदवावे.

मुलुंड: पावसाळ्यानंतर ताशी 80 ते 100 च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरू लागले आणि पाय काढला तरी थांबेना. एका दुकानाने अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून दिली. पण अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर झिजतो, थरथर सहसा बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे नसल्याची असते. अलॉय चाकाच्या आतल्या बाजूचे चिकटवलेले वजन खड्ड्यात पडले होते. नवे वजन लावूनही थोडी थरथर उरली, तेव्हा चाक यंत्रावर फिरवून पाहिले आणि रिमची कड वाकलेली स्पष्ट दिसली.

परळ: माझ्या गाडीत सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात काहीच जाणवत नसे, मात्र बोरघाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की पुढचा भाग डावी-उजवीकडे हलल्यासारखा वाटे आणि पाय काढताच सारे शांत होई. चाकाचा असमतोल इंजिन जोर लावते आहे की नाही हे पाहत नाही, म्हणून पुन्हा बॅलन्सिंग करण्यास मी नकार दिला आणि गाडी लिफ्टवर घ्यायला लावली. ड्राइव्ह शाफ्टच्या गिअरबॉक्सकडील जॉइंटचे रबरी बूट (आवरण) फाटून ग्रीस बाहेर उडाले होते, आणि आतला जॉइंट झिजला होता. वळताना कटकट आवाज येत नव्हता, कारण तो बहुधा चाकाकडच्या जॉइंटचा असतो. तो आवाज नाही म्हणून शाफ्ट चांगला आहे, असे मानू नये.

चेंबूर: इमारतीखाली बराच काळ उभ्या असलेल्या गाडीचे टायर एका जागी चपटे झाले होते. काही अंतर चालवून ते गरम झाल्यावर थरथर गेली.

बोरिवली: गाडी उभी असतानाही रेस केल्यावर थरथरत होती, म्हणजे चाकांचा प्रश्नच नव्हता. चढावर इंजिन अडखळे आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुके. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) गेली होती.

दादर: फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल, तर आधी ब्रेकची डिस्क पाहावी. माझ्या गाडीत मात्र थरथर सीटखाली होती, म्हणून मागची चाके पुढे आणि पुढची मागे लावून घेतली, आणि थरथर स्टिअरिंगमध्ये आली. बॅलन्सिंग बरोबर असूनही एका टायरच्या आतला पट्टा सुटून पृष्ठभागावर उंचवटा आला होता. असा टायर वेगात फुटू शकतो, त्यामुळे गाडी द्रुतगती मार्गावर न नेता आधी टायर बदलला.