मदत हवी आहे : ऊसतोडीला टोळी आली, पण खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागतेय. द्यावी का?

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात आमचा दीड एकराचा उसाचा फड आहे. को 86032 जातीचा ऊस, जुलै 2024 ची आडसाली लागण. म्हणजे आता अठरा महिने झाले. तुरा येऊन पंधरवडा उलटला, वरच्या कांड्या पोकळ पडायला लागल्यात. कारखान्याकडे नोंद वेळेवर केली होती, तरी तोडणी कार्यक्रमात आमचा नंबर दोनदा मागे गेला. कारखान्याच्या गट ऑफिसला विचारलं की एकच उत्तर: टोळ्याच कमी आल्यात, आम्ही तरी काय करणार.

परवा एकदाची टोळी आली. आठ कोयत्यांची, म्हणजे आठ जोड्यांची, बीडकडची. मुकादमानं बांधावर उभं राहूनच सांगितलं, "एकरी सहा हजार खुशाली, आणि मधी एक दिवस कोंबडं." शिवाय ट्रॅक्टरवाल्याची खेपेला एन्ट्री, म्हणजे त्याचे वरचे पैसे, वेगळी. तोडणी-वाहतुकीचे पैसे कारखाना आमच्या बिलातून आधीच कापून घेतो, मग हे कशाचे? वडील म्हणतात देऊन मोकळा हो. माझं डोकं तापलं होतं, पण रात्री वही काढून हिशेब मांडला आणि गप्प बसलो.

जानेवारी 2024 मध्ये पुण्यात करार झाला, तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण 366 रुपये झाला, तीन हंगामांसाठी. मुकादमाचं कमिशन त्यावर वेगळं, 20 टक्के. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. पहाटे चारला फडात शिरून, मोळ्या बांधून, डोक्यावरून ट्रॉली भरून दिवसाकाठी दोन टन झाले तर खूप. म्हणजे दोघांचे 732. माणशी 366. आमच्या गावात भांगलणीला बाई 350 घेते, दहा ते पाच, आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी जाते. त्यात या लोकांनी दिवाळीआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. तोडलेला टन उचलीतून फिटतो, हातात रोकड येत नाही. आठवड्याच्या बाजाराला पैसे येतात ते वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून, नाहीतर आमच्यासारख्याच्या खुशालीतून.

म्हणजे दर एकदा टेबलावर तीन वर्षांसाठी ठरला, माणसं मात्र दर हंगामाला कमी होत गेली. मधली तफावत आता बांधावर आमच्याकडून वसूल होते. मागणारा चुकीचा आहे असं छातीठोक म्हणवत नाही, पण पावती नसलेले नऊ हजार देताना पोटात दुखतंच.

पर्याय पाहिले. हार्वेस्टरला सरी साडेचार-पाच फुटी लागते, आमची चार फुटी. प्लॉटला वळायला जागा नाही, आणि वजनात पाल्याची वजावट धरतात ती वेगळीच. शेजारी म्हणाला पेटवून दे, टोळी पळत येईल. जळालेल्या उसाच्या बिलात कपात बसते, शिवाय पाचट जाळायचं नाही असं मीच गावभर सांगत फिरतो! ऐंशी टन धरलेत. आणखी तीन आठवडे थांबलो आणि पाच टन जरी घटले तरी खुशालीपेक्षा जास्त जातात.

तर विचारायचं असं: कुणी लेखी तक्रार केलीय का? केल्यावर टोळी फड सोडून गेली का? आणि द्यायचेच तर कुणाच्या हातात, कधी?

प्रतिसाद १
तक्रार करता येते. जादा पैसे घेतल्याचं सिद्ध झालं तर टोळीच्या किंवा वाहतूकदाराच्या बिलातून वसूल करून शेतकऱ्याला द्यावेत, असं साखर आयुक्तालयानं कारखान्यांना कळवलेलं आहे. पण एकट्यानं जाऊ नका. शिवारातल्या पाच-सहा जणांच्या सह्या घ्या, गट ऑफिसची पोच घ्या. आमच्याकडे एकट्यानं केली, त्याची तोड सगळ्यात शेवटी मार्चात आली. कारण कागदावर अर्थात वेगळं होतं.

प्रतिसाद २
मी धारूरकडचा. आईबाप वीस हंगाम कोयत्यावर गेले, मी खोपीत, टोळीच्या पालात, वाढलो. दादा, द्यायचे असतील तर मुकादमाकडे देऊ नका. संध्याकाळी सगळे खोपीवर असतात तेव्हा जा, आकडा सगळ्यांसमोर बोला आणि शेवटची मोळी भरल्यावर कोयत्यामागे वाटा. बायकांच्या हातात दिले तर अजून चांगलं. कितीदा तरी आम्हाला कळायचंच नाही की शेतकऱ्यानं काही दिलंय. आणि कोंबड्याऐवजी फडात पाण्याची सोय करा. आई अजून त्या एका मालकाचं नाव काढते, त्यानं रोज टँकर उभा केला होता.

धागाकर्ता
प्रतिसाद २, तुमचं वाचून काल तिन्हीसांजेला खोपीवर गेलो. आठ पालं, मध्ये एकच चूल पेटलेली. सहा हजार म्हटल्यावर दोन-तीन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, त्यांना मुकादमानं तीन सांगितले होते. तो जरा गडबडला. मग साडेतीन हजार एकरी ठरले, वाटप माझ्या हातानं, तोड संपल्यावर. विहिरीवरून पाइप टाकून फडाच्या कडेला पाणी दिलंय, वाढे त्यांचे त्यांनाच. पाचट न पेटवता तोडायचं कबूल केलंय.

चिटबॉयनं, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसानं, उद्या पहाटेची तोड लिहून दिली. आता राहिला ट्रॅक्टरवाला. चार खेपा होतील, तो खेपेला पाचशे म्हणतोय, नाहीतर गाडी वजनाला रांगेत उभी राहते म्हणे. तुमच्याकडे एन्ट्री किती चाललीय? प्रतिसाद १, वाहतूकदाराची तक्रार गट ऑफिसलाच द्यायची का? सह्या करायला चौघे तयार आहेत.